कललेलं क्षितिज

नाशिकच्या माणसाला विमान ओळखायला मान वर करावी लागत नाही. आमच्या लहानपणी ओझरहून मिग उडालं की शाळेच्या खिडक्यांची तावदानं थरथरत. गुरुजी खडू फळ्याला टेकवून तसेच थांबत आणि आवाज विरला की अर्धं राहिलेलं अक्षर पुरं करत. त्या आवाजाचा आम्हाला अभिमान होता. पण आत बसलेल्या माणसाला काय दिसत असेल, तो कशावर भरवसा ठेवून चालला असेल, हा प्रश्न कधी पडला नाही. तो पडायला मला पन्नाशी उलटावी लागली आणि त्यासाठी नाशिक सोडून धुळ्याला जावं लागलं.

माझे एक स्नेही आहेत. पिंपळगावच्या बाजूला त्यांची द्राक्षबाग आहे. सगळे त्यांना आप्पा म्हणतात, मीही म्हणतो. वय सत्तरीच्या पुढचं. मुंबईत कॉलेज करत असताना, १९७६-७७ च्या सुमारास, ते जुहूला विमान चालवायला शिकले आणि त्यांनी खासगी वैमानिकाचा परवाना काढला. पुढं बाग आली, संसार आला, परवान्याचं नूतनीकरण राहून गेलं. तो परवाना आणि उड्डाणांची नोंदवही आजही त्यांच्या कपाटात सातबाऱ्याच्या उताऱ्यांशेजारी ठेवलेली असते. ‘विमान का सोडलंत?’ असं कुणी विचारलं की आप्पांचं उत्तर ठरलेलं, ‘दोन बायका सांभाळता येतात एखाद्याला, पण बाग आणि विमान दोन्ही नाही सांभाळता येत.’ लोक हसतात आणि विषय संपतो.

आप्पांची पुतणी आता वैमानिक आहे. ती शिकली गोल काट्यांच्या जुन्या विमानावर. आता तिला पडद्यांच्या नव्या विमानावर हात बसवायचा होता. प्रशिक्षकाबरोबरचे तास पुरे झाले होते. आता सराव हवा होता. मागल्या हिवाळ्यात तिनं धुळ्याजवळच्या गोंदूर धावपट्टीवरून तासाभराची फेरी ठरवली. ‘काका, तुम्ही शेजारी बसा,’ ती म्हणाली. मग माझ्याकडं वळून, ‘चाचा, मागची सीट रिकामीच जाणार आहे, तुम्हीही चला.’ मी कवी माणूस. फुकट मिळणारं आकाश मी कसं सोडणार?

पहाटे पिंपळगावहून निघालो. चांदवडचा घाट, मालेगाव, लळिंगचा किल्ला ओलांडून धुळ्याला पोहोचलो तेव्हा ऊन नुकतं पसरत होतं. विमान चार आसनांचं, सेसना १७२. बाहेरून रिक्षाला पंख लावावेत इतकं साधं. पण आप्पा दार उघडून आत वाकले आणि तसेच थांबले. समोर दोन मोठे पडदे होते. त्यांच्या ओळखीचं तिथं काहीच नव्हतं.

जुन्या विमानात वैमानिकासमोर सहा गोल घड्याळं असायची. वेग, कृत्रिम क्षितिज, उंची, वळण, दिशा आणि चढ-उतार. आप्पांनी मला गाडीत हे सगळं बोटांनी हवेत काढून दाखवलं होतं. नव्या विमानात ही सहाही घड्याळं एका पडद्यावर विरघळून गेली आहेत. वर निळं आकाश, खाली तपकिरी जमीन, डाव्या बाजूला वेगाची उभी पट्टी, उजवीकडं उंचीची. शेजारच्या पडद्यावर नकाशा आणि इंजिनाची प्रकृती. गार्मिन नावाच्या कंपनीनं २००४ साली हे जी-१००० नावाचं साधन आणलं आणि काही वर्षांतच शिकाऊ विमानांचं तोंडच बदललं.

‘सोपं झालं की मग,’ मी म्हणालो.

‘सोपं नाही, वेगळं झालं,’ पुतणी म्हणाली. ‘काटा कुठल्या बाजूला आहे ते पाहिलं की पूर्वी वेग कळायचा, आकडा वाचावा लागत नसे. घड्याळात नाही का आपण पावणेदहा वाचत नाही, नुसते बघतो? इथं आकडा वाचावा लागतो. वाचायला वेळ जातो.’

पडद्यांच्या खाली तीन छोटी गोल घड्याळं तेवढी शिल्लक होती. पडदे बंद पडले तर असावीत म्हणून. आणि काचेवर, मधोमध, लिंबाएवढं होकायंत्र. आप्पांची नजर तिथं गेली आणि चेहरा जरा सैल झाला. माझ्या आजोबांकडं पितळी डबीत असंच होकायंत्र होतं. प्रवासात नमाजाची दिशा बघायला ते बरोबर ठेवत. गावागावांतून फिरणाऱ्या एका साध्या माणसाला आपली दिशा कळावी म्हणून जे लागत होतं, ते या सगळ्या पडद्यांच्या वर अजून तसंच टांगलेलं होतं.

आपल्याकडची हौशी विमानविद्या सुरू झाली ती एवढ्याशाच भांडवलावर. मुंबई फ्लाइंग क्लब १९२८ मधला, जुहूचा विमानतळही त्याच वर्षीचा. जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी परवाना मिळाला, तो देशात दिला गेलेला पहिला. पुढच्या वर्षी आगाखानांनी लावलेल्या बक्षिसासाठी शर्यत झाली. भारत ते इंग्लंड, किंवा उलट, एकट्यानं विमान नेणाऱ्या पहिल्या भारतीयाला ५०० पौंड. जेआरडी कराचीहून निघाले, तर अस्पी इंजिनिअर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा इंग्लंडहून कराचीकडं निघाला. इजिप्तमधल्या अबूकीर इथं दोघांची गाठ पडली. अस्पीला स्पार्क प्लग हवा होता, तो जेआरडींनी आपल्याजवळचा दिला. अस्पी पुढं निघाला आणि शर्यत त्यानंच जिंकली. हाच अस्पी पुढं हवाईदल प्रमुख झाला. १९६३ साली मिग-२१ हवाईदलात आलं, तेव्हा प्रमुखपदी तोच होता. एका स्पार्क प्लगवर अडलेला मुलगा आणि आवाजाच्या दुप्पट वेगानं जाणारं विमान, या दोहोंत फक्त तेहतीस वर्षांचं अंतर आहे.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडींनी पस मॉथ या छोट्या विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला टपाल आणलं. रेडिओ नव्हता. खाली दिसेल तो किनारा, ती नदी, तो रेल्वेचा रूळ हाच नकाशा. आणि हे सगळं दिसतं आहे तोवरच सगळं ठीक. ढगात शिरलं की माणूस आंधळा होतो. नुसता आंधळा झाला तरी बरं, तो खोटं पाहू लागतो.

हे जरा समजून घ्यायला हवं. आपला तोल कानाच्या आतल्या द्रवावर अवलंबून असतो. हळूहळू, एकसारखं वळत राहिलं की तो द्रव शांत होतो आणि आपण सरळ आहोत असं शरीर सांगतं. मग खरोखर सरळ झालो की शरीर म्हणतं, आता तू उलट्या बाजूला कललास. जमिनीवर डोळे ही चूक दुरुस्त करतात. ढगात, अंधारात, धुक्यात दुरुस्त करायला कुणी नसतं. निष्णात वैमानिक स्वतःच्या शरीरावर विश्वास ठेवून सरळ जमिनीत घुसले, ते याच कारणानं.

यावरचा उपाय सिद्ध झाला तो २४ सप्टेंबर १९२९ रोजी, अमेरिकेत न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर. जिमी डूलिटल नावाचा वैमानिक मागच्या खणात बसला आणि त्याच्यावर कापडाचं आच्छादन ओढलं गेलं. बाहेरचं काहीही दिसत नव्हतं. समोर फक्त यंत्रं. त्यात स्पेरी यांचं नवं कृत्रिम क्षितिज, कोल्समन यांचं अचूक उंचीमापक आणि रेडिओ. त्यानं विमान उडवलं, फेरी मारली आणि उतरवलं. इतिहासात नाव डूलिटलचं झालं. पण पुढच्या खणात बेन केल्सी नावाचा दुसरा वैमानिक होता. काही बिघडलंच तर विमान ताब्यात घेण्यासाठी. आपण कशालाही स्पर्श केलेला नाही हे खालच्यांना दिसावं म्हणून त्यानं हात उघड्यावर दिसतील असे ठेवले होते.

ही केल्सीची गोष्ट मला त्या दिवशी कळली असती तर बरं झालं असतं. कारण विमान धावपट्टीवर वेग घेऊ लागलं तेव्हा माझ्या समोरच्या खुर्चीत आप्पांनी दोन्ही हात उचलून मांड्यांवर ठेवले, तळवे वर करून. दुवा मागताना आम्ही ठेवतो तसे. त्यांच्याही पुढं सुकाणू होतं, ते पुतणीच्या हालचालीबरोबर आपोआप मागं-पुढं होत होतं. त्यांच्या पोटाला जवळजवळ लागत होतं. पण परवाना संपलेल्या माणसाचा त्यावर हक्क नाही, हे ते तासभर एक क्षणही विसरले नाहीत.

पांझरा नदी खाली बारीक झाली. आम्ही दक्षिणेला, आग्रा रोडच्या समांतर निघालो. कानांवर हेडफोन असल्यानं चौघांचं बोलणं चौघांना ऐकू येतं, आम्ही तर तिघंच होतो. पुतणी नवी होती म्हणजे विमानाला नव्हे, पडद्याला. काही हवं असलं की कुठलं बटण, कुठला पडदा, हे शोधताना तिचे डोळे आत अडकत. पहिली दहा मिनिटं आप्पा गप्प होते. मग म्हणाले, ‘बाळ, तू आत बघ, मी बाहेर बघतो. मला आतलं काही कळत नाही, पण बाहेरचं काही बदललेलं नाही.’

त्यानंतर दोघांची लय बसली. ती आकडे वाचे, आप्पा डोंगर वाचत. ‘उजवीकडं गाळणा.’ ती नकाशाच्या पडद्यावर बघून म्हणे, ‘हो, बरोबर.’ जणू पडदा गाळण्याच्या किल्ल्यावरून तपासायचा होता, किल्ला पडद्यावरून नव्हे.

आता ओझरकडं वळू. त्या दिवशी आम्ही तिकडं गेलो नाही, जाताही आलं नसतं, पण आप्पांचं आणि माझं बोलणं मात्र तिकडंच वळत राहिलं. १९६२ च्या युद्धानंतर यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि १९६३ साली नाशिकमधून बिनविरोध लोकसभेवर गेले. रशियाच्या परवान्यानं मिग-२१ भारतात बांधायचं ठरलं आणि कामाची तीन ठिकाणी वाटणी झाली. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि आतली विद्युत यंत्रं हैदराबादला. म्हणजे धड नाशिकचं, छाती कोरापुटची आणि डोळे हैदराबादचे. हिंदुस्थान एरोनॉटिक्सनं सहाशेहून अधिक मिग-२१ बांधली. नाशिकच्या कितीतरी घरांची चूल त्यावर पेटली, पोरं शिकली, कामगारांच्या वसाहती उभ्या राहिल्या.

पण त्या विमानानं माणसंही नेली. मिग-२१ चे अपघात आपण वर्षानुवर्षं वर्तमानपत्रांत वाचले. कारणं अनेक होती, सगळी एका सुताराच्या माथी मारता येणार नाहीत. त्यातलं एक मात्र सगळ्यांना कळणारं आहे. संथ शिकाऊ विमानावरून तरुण वैमानिक जवळजवळ थेट या अतिवेगवान विमानावर जात. मधली पायरी म्हणून प्रगत प्रशिक्षण विमान हवं, अशी शिफारस १९८० च्या दशकातच झाली होती. ते विमान, हॉक, हवाईदलात आलं २००८ साली. मधली वीसेक वर्षं ज्यांच्या शेजारी, ज्यांच्या मागं कुणी पुरेसा वेळ बसलं नाही, त्यांचा हिशेब कुठल्या खात्यात लिहायचा?

ओझरचं कामही बदलत गेलं. विसावं शतक संपता संपता सव्वाशे मिग-२१ नव्या यंत्रांनी सजवायचं ठरलं. त्यांचं नाव बायसन. जुन्याच कुडीत नवा रडार, नवे पडदे, नजरेसमोरच्या काचेवर उमटणारे आकडे. मग २००४ पासून सुखोई-३० एमकेआय ओझरला तयार होऊन बाहेर पडू लागलं. त्यात तर रशियन, फ्रेंच, इस्रायली आणि भारतीय यंत्रं एकाच विमानात नांदतात, आणि वैमानिक दोन. अखेर २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ला निरोप दिला गेला. त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, नाशिकमध्ये बांधलेल्या पहिल्या तेजस मार्क-१ए नं ओझरच्या आकाशात झेप घेतली. माझ्या गुरुजींचा खडू ज्या आवाजानं थांबत असे तो आवाज संपला.

प्रत्येक बदलात कुणीतरी माणूस जुनं विसरून नवं शिकतो आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. आणि विसरणं हे शिकण्यापेक्षा अवघड असतं. याचं एक उदाहरण सांगतो. कृत्रिम क्षितिजाच्या दोन रिती आहेत. पाश्चात्त्य रितीत यंत्रातलं विमानाचं चित्र स्थिर असतं आणि क्षितिजाची रेघ कलते. जुन्या रशियन रितीत क्षितिज आडवं राहतं आणि विमानाचं चित्र कलतं. दोन्ही खरंच सांगतात. फरक एवढाच, की एक म्हणतं जग कललं, दुसरं म्हणतं तू कललास. एका रितीत मुरलेला माणूस घाईच्या क्षणी दुसऱ्या रितीचं यंत्र बघतो आणि उलट्या बाजूला वळवतो. १० जानेवारी २००० रोजी झुरिकहून उडालेलं एक छोटं प्रवासी विमान कोसळलं, दहा माणसं गेली. १४ सप्टेंबर २००८ रोजी रशियात पर्म शहराजवळ बोइंग कोसळलं, अठ्ठ्याऐंशी गेली. दोन्ही चौकशांमध्ये इतर कारणांबरोबर हा मुद्दा पुढं आला. वैमानिकाचा हात जुन्या क्षितिजावर तयार झालेला होता.

मला हे पटायला वेळ लागला नाही. मी लहानपणी पहाटे मशिदीत उजवीकडून डावीकडं वाचायला शिकलो आणि अकरा वाजता नगरपालिकेच्या शाळेत डावीकडून उजवीकडं. बरेच दिवस पाटीवर माझा ‘क’ कुठल्या बाजूनं सुरू होईल याचा नेम नसे. गुरुजींनी मारलं नाही. ते शेजारी बसले, माझं बोट धरून रेघ डावीकडून काढून घेतली आणि म्हणाले, ‘तिकडं तिकडचं, इकडं इकडचं.’ आज मी मराठीत कविता लिहितो ती त्या बोटाच्या जोरावर.

मालेगावच्या अलीकडं हवेत धूसरपणा आला. खाली जमीन नीट दिसत होती, मोसम नदीचं पात्र दिसत होतं, पण पुढं आकाश आणि माती एकमेकांत मिसळून गेली होती. सातमाळ्याची रांग जिथं दिसायला हवी तिथं नुसता ताकासारखा पांढुरका रंग. ‘इथून वळूया,’ पुतणी म्हणाली आणि तिनं हळूच वळण घेतलं. सावकाश, लांबलचक वळण. थोड्या वेळानं मला वाटलं, वळून झालं, आपण सरळ चाललो आहोत. पडद्याकडं पाहिलं तर निळं-तपकिरी क्षितिज चांगलं तिरकं होतं. मग तिनं विमान सरळ केलं, पडद्यावरची रेघ आडवी झाली, आणि मला स्पष्ट जाणवलं की आम्ही आता दुसऱ्या बाजूला कलंडतो आहोत. मी खिडकीची कड घट्ट धरली. माझं सगळं अंग एक सांगत होतं आणि समोरची काच दुसरं.

‘चाचा, घाबरू नका. सरळच आहोत,’ ती मागं न बघता म्हणाली. ‘अंग खोटं बोलतंय.’

आप्पांच्या मांडीवरचे हात मुठी झाले होते. बराच वेळ हेडफोनमध्ये फक्त इंजिनाची घरघर होती. मग आप्पा बोलू लागले. पुतणीशी की माझ्याशी, ते कळलं नाही.

‘मी बागेसाठी विमान सोडलं नाही,’ ते म्हणाले. ‘बाग दोन वर्षांनी आली.’

१ जानेवारी १९७८ च्या रात्री एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ हे बोइंग ७४७ सांताक्रूझहून दुबईला निघालं आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळलं. २१३ माणसं होती, एकही वाचलं नाही. त्या काळचं ते सर्वांत मोठं, सर्वांत आधुनिक विमान. चौकशीत निघालं ते असं. विमानानं उजवं वळण घेतलं आणि ते सरळ झालं, पण कॅप्टनसमोरचं कृत्रिम क्षितिज बिघडलं होतं. ते अजून उजवा कल दाखवत राहिलं. बाहेर काळा समुद्र आणि काळं आकाश, खरं क्षितिज कुठंच नाही. कॅप्टन डावीकडं वळवत गेले, आणखी डावीकडं, विमान आडवं होईपर्यंत. आणखी दोन क्षितिजं त्याच कॉकपिटमध्ये होती. फ्लाइट इंजिनिअरनं सावध करायचा प्रयत्न केला. पण खोटं कोणतं आणि खरं कोणतं हे ठरवायला लागणारे काही सेकंद तिघांकडं नव्हते.

आप्पा तेव्हा दादरला खोली करून राहत होते. ‘आम्हाला शिकवलं होतं, अंगावर विश्वास ठेवू नका, यंत्रावर ठेवा,’ ते सांगत होते. ‘आणि आता यंत्रच खोटं बोललं. पंधरा दिवसांनी मी एकटा उडालो. जुहूची धावपट्टी समुद्राकडं सुटते. सकाळची वेळ, अशीच धुरकट. पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते दिसेना. मी क्षितिजाच्या घड्याळाकडं बघितलं. ते सरळ म्हणत होतं. मला पटेना. मी त्याच्याकडं बघत राहिलो, हात थरथरायला लागले. कसाबसा फेरा घेऊन उतरलो. वहीत नोंद केली, सही केली, आणि परत गेलो नाही. वडलांना सांगितलं, पैसे परवडत नाहीत. लग्नानंतर सांगितलं, बाग आहे. सत्तेचाळीस वर्षं.’

पुतणी काही बोलली नाही. तिनं फक्त खालच्या बाजूला बोट दाखवलं. पडद्यांच्या खाली त्या तीन छोट्या घड्याळांतलं मधलं. जुन्या पद्धतीचं कृत्रिम क्षितिज, आप्पांच्या ओळखीचं. ते आडवं होतं. वरच्या मोठ्या पडद्यावरचंही आडवं होतं.

‘मी दर थोड्या वेळानं दोन्ही बघते, काका,’ ती म्हणाली. ‘दोन्ही सारखं सांगत असतील तरच एकावर विश्वास ठेवायचा. न जुळली तर तिसरा साक्षीदार शोधायचा. आम्हाला हे पहिल्या दिवसापासून शिकवतात.’

हे का शिकवतात, हे तिनं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. वांद्र्याच्या समुद्रासारख्या कितीतरी जागांवरून ही शिकवण वर आली आहे. विमानातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी मरणानं लिहिला आहे, असं वैमानिक म्हणतात. आप्पा ज्या भीतीपायी खाली उतरले, तीच भीती शिस्त होऊन त्यांच्या पुतणीच्या हातात आली होती. आप्पांनी तिचं नाव भित्रेपणा ठेवलं आणि आयुष्यभर लपवलं. पण यंत्रावर आंधळा विश्वास न ठेवणं यात लाज वाटण्यासारखं काय होतं? कमी एवढंच होतं, की त्या सकाळी शेजारच्या खुर्चीत कुणी नव्हतं.

लळिंगचा किल्ला जवळ आला. पुतणी उतरण्याच्या तयारीत होती, पडद्यावर आकडे लावत होती. तेवढ्यात आप्पांचा आवाज आला, पूर्वीच्यापेक्षा मोठा आणि शांत. ‘समोर, थोडं डावीकडं, आपल्या उंचीवर. घार.’

तिनं मान वर केली, विमान किंचित उजवीकडं घेतलं. घार डाव्या पंखाखालून गेली. मला तिची पिसं दिसली. कुठल्याही पडद्यावर ती नव्हती.

उतरल्यावर आप्पांनी विमानाच्या नाकावर हात ठेवला, बैलाच्या वशिंडावर ठेवतात तसा. मी त्यांना जेआरडींची एक गोष्ट सांगितली. १९८२ साली, पहिल्या टपाल-उड्डाणाला पन्नास वर्षं झाली तेव्हा, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या जेआरडींनी लेपर्ड मॉथ या तशाच जुन्या विमानातून कराची ते जुहू हा प्रवास पुन्हा एकट्यानं केला होता. नवी नवी विमानं ज्यांच्या कंपनीत आली, ते स्वतः म्हातारपणी पुन्हा जुन्या काट्यांकडं गेले. आप्पांनी ऐकून घेतलं. ‘ते जेआरडी होते,’ म्हणाले. मग थोड्या वेळानं, ‘अठ्ठ्याहत्तर म्हणालात ना?’

परतीच्या वाटेवर मालेगावला चहाला थांबलो. तिथं पुतणीनं आपल्या पिशवीतून त्या पडद्यांच्या यंत्राची जाडजूड पुस्तिका काढून आप्पांच्या हातात दिली. तिचं काम झालं होतं.

त्यानंतर द्राक्षांची काढणी सुरू झाली आणि आमची भेट लांबली. फेब्रुवारीत एकदा बागेवर गेलो. पॅकिंगच्या शेडमध्ये क्रेटचे ढीग, बायांची लगबग, व्यापाऱ्याचा माणूस वजनकाट्यापाशी. आप्पा खुर्चीवर बसून हिशेबाच्या वहीत काही लिहीत होते. वहीखाली ती पुस्तिका होती, मधेमधे कागदाच्या चिठ्ठ्या घातलेली. एका पानावर त्यांनी पेन्सिलनं सहा गोल काढले होते आणि प्रत्येकापासून एक बाण काढून पडद्यावरच्या त्याच्या नव्या जागेकडं नेला होता.

मी विचारलं, ‘आप्पा, परवान्याचं काय? मेडिकल करून घेणार?’

त्यांनी चष्मा काढला, शेल्याच्या टोकानं पुसला आणि बागेकडं बघत म्हणाले, ‘एवढी एप्रिलची खरड छाटणी होऊ द्या. मग बघू.’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)